इथून म्हणजे कुठून?

अलकाचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या घरी गच्चीवर वाळत घातलेले गहू गोळा करत होते. "ताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली आणि पलीकडून दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, म्हणून शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण पायऱ्या चढायच्या आतच सगळं संपलं होतं. मुकुंद खैरनारांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. मी त्यांना मुकुंदराव म्हणायचे आणि ते मला बाई म्हणायचे, कारण मी शाळेत मराठी शिकवायचे. वीसेक वर्षांच्या ओळखीत आम्हा दोघांनाही याहून जवळचं संबोधन कधी सुचलं नाही, आणि गरजही पडली नाही.

तिसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांच्या जुन्या कंपनीची जाहिरात आली. चांगली पाव पानाची. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली मुकुंदरावांचा काळा चष्मा लावलेला फोटो. तो काळा चष्मा त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच घातला होता, त्या फोटोसाठी. त्यांची नजर गेली होती, पण डोळे दिसायला अगदी चांगले होते, आणि माहितीपत्रकावर बिनचष्म्याचा फोटो छापला तर हा माणूस आंधळा आहे हे लोकांना कळणार कसं, असा प्रश्न कंपनीला पडला होता. फोटोखाली लिहिलं होतं : 'आमच्या प्रत्येक उत्पादनात ते जिवंत राहतील.' मी ते वाक्य वाचलं, पेपर घडी करून ठेवला, पुन्हा उघडला आणि पुन्हा वाचलं. त्या उत्पादनात त्यांची एक ओळसुद्धा शिल्लक ठेवलेली नव्हती. हे मला माहीत आहे, अलकाला माहीत आहे, आणि ज्यांनी ही जाहिरात दिली त्यांना तर आमच्याहून जास्त चांगलं माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गंगापूर रोडवर एका संस्थेच्या खोलीत आम्ही काहीजणी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं कॅसेटवर वाचायचो. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, समोर मायक्रोफोन. रेकॉर्डर बिघडला की सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारे इंजिनियर सुट्टीच्या दिवशी येऊन तो दुरुस्त करून जातात, असं मला सांगितलेलं होतं. ते इंजिनियर आले आणि दुरुस्तीआधी माझं वाचन ऐकत बसले. मला वाटलं, आता चार कौतुकाचे शब्द ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "बाई, तुम्ही वाक्याच्या शेवटी दमता. पोरांना क्रियापदच ऐकू येत नाही." मला राग आला. घरी येऊन कॅसेट ऐकली, तर खरंच क्रियापदं गायब होती! माणूस असा होता. खरं बोलायचा, पण समोरच्याला ते घ्यायला सवड द्यायचा नाही.

त्या दिवशी निघताना संध्याकाळ झाली होती आणि ते उघड्या दाराच्या कडेवर आपटले. "दार कुणी हलवलं?" म्हणाले. दार कुणीच हलवलं नव्हतं. पुढे लक्षात आलं, की ते स्कूटर फक्त दिवसाउजेडीच चालवतात, थिएटरात जात नाहीत, लग्नाच्या पंगतीत भिंतीकडेची जागा धरतात. त्यांच्या आई सटाण्याकडच्या. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, "मन्हा भाऊलेबी असंच व्हतं." मामाचा आजार भाच्याकडे आला होता. आधी रातांधळेपणा, मग कडेचं दिसणं कमी होत होत शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं, आणि मग तेही जातं. मुकुंदरावांना हे पोरवयापासून ठाऊक होतं. त्यांनी ते कारखान्यात सांगितलं नव्हतं, मित्रांना सांगितलं नव्हतं, आणि अलकालाही लग्नानंतरच सांगितलं. अलकानं यासाठी त्यांना माफ केलं असावं; पण विसरली नाही. पोस्टातली तिची नोकरी तिनं कधीही सोडली नाही, आणि का सोडली नाही हे दोघांनाही माहीत होतं.

मग कॉम्प्युटर आले. विलास हा त्यांचा इंजिनियरिंग कॉलेजातला मित्र, बोलायला गोड, माणसं जोडणारा. त्यानं सातपूरला एक छोटा गाळा घेतला आणि मुकुंदरावांना नोकरी सोडायला लावली. काय करायचं ते मुकुंदरावांच्या डोक्यात पक्कं होतं. आमच्या कॅसेटची एक मोठी अडचण होती. परीक्षा जवळ आली की मुलांना धडा भरभर ऐकायचा असायचा, पण टेप जोरात फिरवली की माझा आवाज चिचुंद्रीसारखा व्हायचा. हळू केली की कुणी दारुडा पुस्तक वाचतोय असं वाटायचं. आवाजाची पट्टी तीच ठेवून वेग तेवढा कमीजास्त करता आला पाहिजे, आणि ते काम कॉम्प्युटरच करू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिला प्रयोग त्यांनी चित्रं जोडून केला. विलासनं कुठून तरी एक परदेशी सॉफ्टवेअर पैदा केलं होतं. त्यात काही लिहावं लागत नसे. स्क्रीनवर चौकटी मांडायच्या, एक चौकट आवाज आत घेणारी, एक गाळणारी, एक बाहेर सोडणारी, आणि माऊसनं एकीतून दुसरीत तारा ओढायच्या. मुकुंदराव लहान मुलासारखे खूश झाले होते. मला मुद्दाम गाळ्यावर बोलावून दाखवलं. "बाई, हा नळ बघा. इथून पाणी आलं, ही तोटी थोडी फिरवली, आता ऐका." आणि खरंच, माझाच आवाज, माझ्याच पट्टीत, पण निम्म्या वेगानं! त्यांची सारी हयात सर्किटच्या आकृत्या काढण्यात गेलेली. त्यांना ते स्क्रीनवरचं चित्र म्हणजे आपलीच मातृभाषा वाटत होती. "कोड लिहिणारे लोक कारकून असतात," असं तेव्हा ते म्हणाले होते. "इंजिनियर चित्र काढतो." हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर जे झालं त्यावरून कुणाला वाटेल, की या माणसाला चित्रांचा पहिल्यापासूनच आकस होता. तसं नव्हतं. चित्रं त्यांना फार आवडायची.

दोनेक वर्षांत नजरेची ती नळी आवळत गेली. मी एकदा गेले तर ते स्क्रीनला नाक लावून बसले होते आणि काचेवर बोट ठेवून एका तारेचा माग काढत होते. एक चौकट दिसली की दुसरी दिसेनाशी व्हायची. तार मध्येच दुसऱ्या तारेला छेदून गेली, की कोणती कुठली ते समजेना. बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. तेच म्हणाले, "दोन्ही टोकं एकदम दिसल्याशिवाय तारेला अर्थ नसतो, बाई." आणि मग काचेवरचं बोट उचलून, "ओळीचं तसं नसतं. ओळ एका वेळी एकच अक्षर मागते."

चाळिशीच्या उंबरठ्यावर ते कोड लिहायला शिकले. ज्यांना कारकून म्हटलं त्यांच्या रांगेत जाऊन बसले. काही दिवस उरलेल्या नजरेनं, मोठ्या अक्षरांत. नंतर स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम मिळाला त्याच्या आधारावर. तो प्रोग्राम अमेरिकन उच्चारात एकेक कंस आणि एकेक अर्धविराम वाचायचा आणि मुकुंदराव डोळे मिटून ऐकत टाइप करायचे. डोळे मिटायची गरज उरली नव्हती, पण सवय होती. तो काळ अलकासाठी फार वाईट होता. ते तिच्यावर ओरडायचे, ताट आपटायचे. कुणी हात धरला की झटकून द्यायचे. अंध माणूस सोशिक, शांत असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या घरात एक आठवडा राहून बघायला हवं होतं. पण प्रोग्राम उभा राहिला. पूर्ण, ओळीओळीनं लिहिलेला.

त्यात त्यांनी एक गोष्ट केली होती ती मला, मराठीची शिक्षिका म्हणून, आजही थक्क करते. पहिल्या प्रयोगात सगळा आवाज सारखाच ताणला जायचा, त्यामुळे हळू वाचन ऐकताना शब्दांच्या कडा फाटायच्या. 'पाट' की 'पाठ', 'काल' की 'खाल' हे उमजत नसे. मुकुंदराव मला समोर बसवून तासन्‌तास बाराखडी म्हणायला लावायचे. शेवटी एकदा म्हणाले, "तुमच्या व्याकरणात लिहिलेलंच आहे की, बाई. स्वर हवा तेवढा ओढता येतो. व्यंजन ओढलं की फाटतं." मग त्यांनी प्रोग्रामला व्यंजन ओळखायला शिकवलं. व्यंजन आलं की हात लावायचा नाही, जसंच्या तसं जाऊ द्यायचं. ओढायचं ते मागच्या-पुढच्या स्वराला. चौकटी जोडून हे जमत नव्हतं, कारण बाजारातल्या चौकटीला 'ठ' आणि हातोड्याचा ठोका यांत फरक दिसत नाही. इथे प्रत्येक वर्णासाठी वेगळा विचार लिहावा लागत होता, आणि विचार लिहायला ओळच लागते, असं त्यांचं मत झालं.

तो प्रोग्राम चालला. धुळ्या-जळगावच्या शाळांतून मागणी आली, मग पुण्याहून आली. मुलं कळ दाबून माझं वाचन हवं तसं ऐकू लागली. बारावीला बसलेली पेठकडची एक मुलगी मला भेटायला आली, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, इतिहास लय भारी वाचता तुम्ही, पण मी तुम्हाला दुप्पट पळवते." मुकुंदराव इतके मनापासून हसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले.

कंपनी मोठी झाली, बाहेरच्या लोकांनी तीत पैसा घातला, गाळ्याची दोनमजली इमारत झाली आणि नवे इंजिनियर आले. आता विलासची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख त्या जाहिरातीसारखाच एकतर्फी होईल. मुकुंदराव एकटे लिहायचे आणि फार सावकाश लिहायचे. काहीही दुरुस्ती म्हटलं की महिने जायचे. एका वर्षी नवं पुस्तक मुलांपर्यंत पोचेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती. त्यांनी लिहिलेलं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, आणि कुणी विचारलं तर "वाचा, म्हणजे कळेल" असं उत्तर मिळायचं. नवी मुलं चौकटी-तारांच्या पद्धतीत आठवड्यात चालतं काही उभं करून दाखवायची. पैसा घालणारे लोक विचारायचे, हा एक माणूस उद्या आजारी पडला तर कंपनीचं काय? प्रश्न चुकीचा नव्हता. विलासनं ठरवलं, की यापुढे सगळं चित्रांच्या पद्धतीनं. हे त्यानं मुकुंदरावांना आधी एकट्याला सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. त्यानं सांगितलं ते भरल्या खोलीत.

त्या दिवशी मी तिथे होते, कारण नमुन्याचा आवाज माझा होता. पाहुणे आले होते, चहा-बिस्किटं झाली, पडद्यावर मोठं चित्र उमटलं. रंगीत चौकटी, त्यांच्यामधून वळणं घेत जाणाऱ्या तारा. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? लोक वाहवा करत होते. सगळे पडद्याकडे तोंड करून बसले होते आणि मुकुंदराव एकटे उलट्या बाजूला, स्पीकरकडे. रूपाली नावाची एक नवी इंजिनियर मुलगी समजावून सांगत होती. मध्येच मुकुंदरावांनी हात वर केला, वर्गात मूल करतं तसा.

"ही आवाजाची तार कुठून कुठे जाते, सांगता का?"

रूपाली पडद्यापाशी गेली, काठी लावली आणि म्हणाली, "इथून इथे, सर."

"इथून म्हणजे कुठून?"

रूपालीच्या हातातली काठी पडद्यावरच राहिली. एक पाहुणा खोकला. विलास हसत म्हणाला, "मुकुंद, नंतर तुला सगळं नीट समजावून सांगतो ना मी." आणि पुढची चौकट सुरू झाली. मुकुंदराव शेवटपर्यंत बसून राहिले. जाताना मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. ते म्हणाले, "ओळ मला वाचून दाखवता येते. चित्र वाचून दाखवता येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे... आणि आपण सॉफ्टवेअर आंधळ्यांसाठी बनवतो!"

तरी त्यांनी हार मानली नाही. उलट अगदी व्यवहारी तोडगा काढला. वरचं चित्र तुम्ही काढा, चौकटी तुम्ही जोडा. पण आवाज ताणणारी जी मधली चौकट आहे तिच्या पोटात माझा कोड राहू द्या. अशी सोय त्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये होती. म्हणजे भांडायचं कारणच नव्हतं, दोन्ही पद्धती एकमेकींच्या शेजारी सुखानं नांदल्या असत्या. विलास हो म्हणाला. रूपाली बिचारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून एकेक चौकट तोंडी सांगायची : "सर, डावीकडे वरती एक आहे, तिच्यातून दोन तारा निघतात..." ते दोन मिनिटं ऐकायचे आणि चिडायचे. "डावीकडे-उजवीकडे कशाला सांगतेस? आधी काय आणि नंतर काय ते सांग." ती रडत बाहेर आल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. नंतर काही महिन्यांनी, त्यांना न विचारता, ती मधली चौकट काढून तिथे सॉफ्टवेअरसोबत आयती मिळणारी चौकट बसवली गेली. नव्या संगणकांवर जुना कोड अडखळतो, असं कारण सांगितलं. मुकुंदरावांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांनी ते ऐकलं. नव्या सीडीवर माझा धडा लावला, थोडा हळू केला, आणि म्हणाले, "बाई, तुमचा ठ गेला."

ती सीडी शाळांत गेली तेव्हा त्याहून वाईट गोष्ट उघड झाली. दिसायला आकर्षक व्हावं म्हणून वेग बदलायला स्क्रीनवर गोल बटणं दिली होती, ती फक्त माऊसनं फिरायची. मुलांचा वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यावर नुसतं "बटण... बटण... बटण" असं म्हणत बसायचा. कोणतं बटण कशाचं, देव जाणे. शाळांनी कळवलं. मीही विलासला सांगितलं. तो म्हणाला, "शाळेत एखादा डोळस शिक्षक असतोच की, बाई. तो लावून देईल." ज्या कळा दाबून ती पेठची मुलगी मला दुप्पट पळवत होती, त्या काढून टाकून आम्ही तिला पुन्हा कुणाच्या तरी हाताकडे बघायला लावलं होतं.

मुकुंदरावांना 'सल्लागार' केलं. वरच्या मजल्यावर केबिन दिली, तिच्यात टेबल होतं, सोफा होता, फुलदाणी होती, संगणक नव्हता. "तुला आता दगदग नको," असं विलास म्हणाला. समारंभाला मात्र बोलावणं यायचं. शाल, श्रीफळ, टाळ्या. व्यासपीठावर निवेदक 'अंधत्वावर मात करून' असं म्हणाला, की ते माझ्या दिशेनं मान झुकवून पुटपुटायचे, "मात कुणी कुणावर केली ते विचारा त्याला." शाली अलकानं कपाटात वरच्या फळीवर कोंबल्या. मग एका सकाळी कंपनीची गाडी दारात उभी राहिली आणि ते घरातूनच म्हणाले, "परत पाठव."

अशोकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी आपला जुना कोड घरच्या संगणकावर पुन्हा जुळवला. मुलं येऊ लागली. कुणी फुकट घेऊन जायचं, कुणी आईच्या हातचे पापड आणून द्यायचं. रविवारी सकाळी मी त्यांच्यासाठी नवी पुस्तकं वाचायला जायचे. अशाच एका रविवारी विलास आला. अलकानं पाणी दिलं, चहा टाकला. त्यानं आधी तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाला, "मुकुंद, हे वाटणं थांबव. वरचे लोक मला विचारतायत. तू फुकट दिलंस तर आमचं कोण घेणार?"

"तुमचं वापरता आलं असतं, तर पोरं माझ्याकडे कशाला आली असती?"

"ते नंतर बोलू. पण हा कोड तू कंपनीत असताना लिहिलास. कायद्यानं तो कंपनीचा आहे."

"कंपनी तो वापरत नाही."

"वापरत नसली तरी तिचाच."

अलका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "विलासभाऊजी, जे तुम्ही फेकून दिलंत ते आम्ही उचललं, तर त्यातही तुमची चोरी झाली का?" मला वाटतं त्यालाही लाज वाटत होती. पण लाज वाटून माणूस थांबतोच असं नाही. मुकुंदराव खुर्ची वळवून संगणकाकडे झाले. बोटं चालली. त्या यंत्राच्या आवाजानं एकेका फाइलचं नाव घेतलं आणि नक्की पुसायची का, असं विचारलं. ते दरवेळी हो म्हणत गेले. बराच वेळ ते चाललं होतं. विलास मध्येच म्हणाला, "अरे, असं लगेच कुठे म्हटलं मी..." पण उठून हात त्यानंही धरला नाही. तो गेल्यावर मुकुंदराव म्हणाले, "बाई, कुठवर आलो होतो आपण? वाचा पुढे." मी वाचलं. काय वाचलं ते आता अजिबात आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहायला घेतलं. यात सगळ्यात क्रूर भाग असा, की त्यांना सगळं पाठ होतं, आणि तेच टाळायचं होतं. तोच विचार, पण जुन्यासारखी एकही ओळ येता कामा नये. उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर सापडता कामा नये. आपल्याच हस्ताक्षरापासून पळणं म्हणजे काय, ते मी रविवारी रविवारी बघत होते. कधी अर्धा दिवस लिहून म्हणायचे, "हे जुनंच झालं," आणि पुसून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "कोण येणार आहे तपासायला? होऊ द्या जुनं तर जुनं." ते म्हणाले, "विलासला मला चोर म्हणता आलं पाहिजे असं वाटतं का तुम्हाला?" त्यांचा मानीपणा मला कळत होता आणि त्याचाच मला राग येत होता. मुलं विचारायला यायची, अजून किती दिवस? "होईल," म्हणायचे. हळूहळू मुलं यायची थांबली. त्यांच्या परीक्षा काही थांबणार नव्हत्या.

ते गेले तेव्हा स्वर जमले होते. क, ख, ग जमले होते. 'ठ' अजून फाटत होता.

दहावं-तेरावं झाल्यानंतर रूपाली पुण्याहून अलकाला भेटायला आली. तिला ती कंपनी सोडून बरेच दिवस झाले होते. तिनं विचारून त्यांचा संगणक उघडला आणि दुपारभर वाचत बसली. उठली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मॅडम, सगळं स्वच्छ लिहिलंय. काय केलंय ते ओळ न्‌ ओळ समजतं. पुढे काय करणार होते ते मात्र कुठेच नाही." मी विचारलं, कुणी पूर्ण करील का? ती म्हणाली, "आता कुणाला एवढा वेळ आहे, मॅडम..." मी तिला दोष देत नाही. निदान ती येऊन वाचून तरी गेली. विलास स्मशानात आला होता, हार मोठा आणला होता आणि मला म्हणाला, "आमची जोडी फुटली, बाई." मी त्याला उत्तर दिलं नाही. आज देते आहे. जोडी फुटली ती त्या भरल्या खोलीत, आणि फोडणाऱ्याला दिसत असूनही तो बघत नव्हता.

मागच्या आठवड्यात अलकाकडे गेले होते. ती पालकाची जुडी घेऊन बसली होती, वीज नव्हती. आम्ही इकडचं-तिकडचं बोलत होतो. वीज आली, तिनं उठून संगणकाचा खटका दाबला, आणि तो वाचून दाखवणारा आवाज सुरू झाला. इतका भरभर, की मला आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. शब्द नव्हेतच, पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा नुसता तडतडाट. मी विचारलं, हे काय? अलका म्हणाली, "ते याच वेगानं ऐकायचे. शेवटी शेवटी तर हेही हळू वाटायचं त्यांना." तो वेग कमी कुठून करायचा ते तिला माहीत नाही, आणि रूपालीला तिनं विचारलं नाही. रोज पोस्टातून आली की ती संगणक लावते आणि जेवणं होईपर्यंत तसाच ठेवते.

"काय सांगतंय ते कळतं का गं तुला?" मी विचारलं.

"मला कधीच कळलं नाही, ताई. विचारलं की म्हणायचे, तुझ्या कामाचं नाही..." तिनं स्पीकरचा आवाज थोडा वाढवला, विळी पुढे ओढली आणि पालक चिरायला घेतला.